सोळा स्वप्नं आणि चौदांचा पडदा

मार्गशीर्षातला दुसरा रविवार, सकाळी साडेदहाची वेळ. रक्कम एक लाख एक्कावन्न हजार रुपये. हजर: आमच्या गावच्या बसदीच्या मंडळाचे अध्यक्ष, सेक्रेटरी, पूजेसाठी बोलावलेले पंडितजी, गावातली दीडेकशे माणसं, माझे थोरले भाऊ म्हणजे अण्णा, वहिनी आणि मी. सतरंजीवर एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. बोली मी लावली, पण ती वहिनींची होती.

गाव निपाणीपासून जवळ. मी राहतो बेळगावात, नोकरी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या हिशेब खात्यात. गावात काही आकडेमोडीचं काम निघालं की अण्णांचा फोन येतो. या वेळी फोन वहिनींनी केला. वहिनी स्वतः फोन लावत नाहीत, त्यामुळे मी आधी घाबरलोच.

"भावजी, रविवारी सवाल हाय. तुमी यायचं. तुमच्या अण्णाला चारचौघांत बोलायला जमत न्हाय."

"सवाल कशाचा?"

"आईचा," वहिनी म्हणाल्या.

आमच्याकडं बसदी म्हणजे जैन मंदिर आणि सवाल म्हणजे त्यातल्या मानाचा लिलाव. नव्या मूर्तीची प्रतिष्ठा असली की पंचकल्याणक पूजा होते. भगवंतांच्या आयुष्यातले पाच प्रसंग पाच दिवस मंडपात करून दाखवतात. पहिला प्रसंग जन्माच्या आधीचा. राणी पलंगावर झोपलेली असते, पहाटे तिला सोळा स्वप्नं पडतात, ती उठून राजाला एकेक सांगते आणि राजा अर्थ सांगतो की तुझ्या पोटी तीर्थंकर येणार आहे. मग गावातल्या बायका राणीची ओटी भरतात. राजा-राणी, म्हणजे भगवंतांचे आईबाप, व्हायचा मान गावातल्याच एका जोडप्याला मिळतो. तो कुणाला, हे सवालात ठरतं. जोडप्यानं पाच दिवस व्रत पाळायचं, एकदाच जेवायचं, गाव सोडायचं नाही.

वहिनींना तो मान हवा होता. वहिनी एकसष्ट वर्षांच्या. त्यांना मूल नाही.

हे गावाला माहीत होतं, आणि गाव ते विसरलं आहे असं कधी होत नसे. कुणी वाईट बोलत नसे. फक्त बारशाला वहिनींना पाळण्याजवळ बोलवायचं राहून जायचं. डोहाळजेवणाला त्या स्वयंपाकघरात जास्त लागायच्या. वहिनी तिथं पोळ्या लाटायच्या आणि घरी येऊन म्हशीला पाणी दाखवायच्या.

सवालाच्या आदल्या संध्याकाळी जेवण झाल्यावर, म्हणजे दिवस मावळायच्या आत, मी त्यांना मर्यादा विचारली.

"दीड लाख. त्याच्यावर एक रुपया न्हाय."

"एवढे आणणार कुठनं?"

"नव्वद माझं. डेअरीत दुधाचं साठलेलं. साठ ह्यांच्या उसाच्या बिलातलं."

"मी घालतो थोडे."

"नको. हे आमचं हाय."

अण्णा बाहेर कट्ट्यावर बसले होते. ते आतल्या बाजूला न बघता म्हणाले, "राजाला मुकुट घालावा लागतोय म्हनं. माझ्या डोस्क्याला बसंल का त्यो?" अण्णांचं डोकं मोठं आहे. वहिनी हसल्या, आणि अण्णांची हरकत नाही हे मला समजलं.

सवाल पुकारणारा माणूस मराठी आणि कानडी दोन्हीत पुकारत होता. आमच्या सभेत निम्मी माणसं एका भाषेत विचार करतात आणि दुसऱ्या भाषेत पैसे मोजतात. एक्कावन्न हजारांपासून सुरुवात झाली. तीन घरं होती. एक लाखाच्या पुढं दोनच राहिली, आम्ही आणि पेठेतलं मोठं किराणा दुकान. दुकानदार स्वतः शांत माणूस. त्यांच्या बाजूनं बोली लावत होत्या त्या त्यांच्या मंडळी, बायकांच्या पहिल्या रांगेतून. गावात सगळे त्यांना दुकानातल्या काकू म्हणतात. तीन मुलं, सात नातवंडं, आणि आवाज असा की सवालाला माईकची गरज नव्हती.

"एक लाख एक्केचाळीस," काकू म्हणाल्या.

बोलीच्या शेवटी एक लागतो ही आमच्याकडची रीत. दीड लाख म्हटलं असतं तर पुकारणाऱ्यानं घेतलं नसतं. मी म्हणालो, "एक लाख एक्कावन्न."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. एक हजार वर गेला होता.

काकू काही बोलायच्या आधी त्यांच्या मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "पंडितजी, एक इचारू का? ज्यांना मूलबाळ न्हाय त्यांनी आई झालेलं चालतंय का?"

अण्णा पायाच्या नखाकडं बघत होते. पंडितजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"शास्त्रात तसं काही माझ्या वाचण्यात नाही," ते म्हणाले. "व्रत पाळणार का, एवढं मी विचारतो. बाई, व्रत पाळणार का?"

"पाळीन," वहिनी म्हणाल्या.

"सोळा स्वप्नं पाठ आहेत?"

यावर बायकांच्या बाजूला हसू फुटलं. पंडितजींना ते कशाचं ते कळलं नाही. अध्यक्षांनी पुढं वाकून सांगितलं, "महाराज, गावात ज्याला कुनाला सोळा पाठ हाईत, त्येंनी ह्यांच्याकडनंच केल्यात."

पुकारणारा म्हणाला, "एक लाख एक्कावन्न हजार. एक वार. ओंद सला." त्यानं काकूंकडं पाहिलं. काकूंनी पदर सारखा केला.

"घेऊ दे की," काकू म्हणाल्या. "हौस हाय त्येंची. पैशानं आई होता येतंय का बगू."

दोन वार. तीन वार. मूर सला. सवाल आमच्या नावावर सुटला.

बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "वरचा हजार तुमचा, भावजी."

सोळा स्वप्नं पाठ करायची ती भिंतीवरून. हे समजायला आमची जुनी बसदी सांगायला हवी, जी आता नाही.

जुन्या सभामंडपाच्या उजव्या भिंतीवर राणीचं चित्र होतं. काढणारा पेंटर निपाणीचा, माझ्या वडिलांच्या तरुणपणातला. त्याचं पोट विड्यांच्या बंडलांवरच्या लेबलांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर चालायचं. त्यामुळे भिंतीवरचा सिंह विडीच्या लेबलावरच्या सिंहासारखा होता, मिशा पिळलेला. राणीला त्यानं हिरवं नऊवारी लुगडं नेसवलं होतं, नाकात नथ, हातात काचेच्या बांगड्या. चिक्कोडीच्या बाजाराला आलेली बाई दमून जरा आडवी झाली असावी तशी ती उजव्या कुशीवर झोपली होती, गालाखाली हात. पायात जोडवी. मुकुट नव्हता.

तिच्यावर अर्धगोलात सोळा स्वप्नं. हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, फुलांच्या दोन माळा, चंद्र, सूर्य, दोन कलश, मासोळ्यांची जोडी, कमळांचं तळं, समुद्र, सिंहासन, देवांचं विमान, नागेंद्राचं भवन, रत्नांची रास, आणि धूर नसलेला अग्नी. पेंटरनं विमान कधी पाहिलं नसावं, पण पालखी पाहिली होती. सिंहासन त्यानं मामलेदाराच्या खुर्चीसारखं काढलं होतं, हात टेकायला दांड्या असलेलं. आणि नागेंद्राचं भवन म्हणजे सरळ सरळ निपाणीतली तंबाखूची वखार होती, उंच खिडक्या, कौलारू छप्पर, फक्त छपरावर पाच फण्यांचा नाग.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी दहावीत होतो. दुसऱ्याच वर्षी त्यांनी रविवारच्या पाठशाळेत पोरींना शिकवायला सुरुवात केली. पुस्तकं अपुरी होती, म्हणून भिंत. हातात लांब वेताची काठी घेऊन त्या एकेका स्वप्नावर टेकवायच्या आणि पोरी ओरडायच्या. वखारीशी आल्या की हमखास कुणीतरी "तंबाखू!" म्हणून ओरडायची आणि सगळा वर्ग हसायचा. वहिनी न हसता काठी तिथंच ठेवायच्या. "नागेंद्राचं भवन," असं सगळ्यांनी म्हटल्याशिवाय काठी पुढं सरकायची नाही. पस्तीस वर्षं हा वर्ग चालला. आधी पोरी शिकल्या, मग त्यातल्या गावातच दिलेल्यांच्या पोरी.

आमच्या घरात तेव्हा बेळगावच्या एका कापड व्यापाऱ्यानं दिलेलं कॅलेंडर असायचं. त्यावरही राणी होती, गोरीपान, संगमरवरी महालात. त्या कॅलेंडरसमोर उभं राहून नव्या वहिनींनी पहिल्याच आठवड्यात मोजलं आणि वडिलांना विचारलं, "मामंजी, ह्यात चौदाच हाईत."

वडिलांनी समजावून सांगितलं. श्वेतांबरांच्या परंपरेत चौदा स्वप्नं असतात, आपल्या दिगंबरांच्यात सोळा. व्यापारी त्यांच्यातला, त्यानं त्यांचं चित्र छापलं. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर.

"व्हय, पर दोन कमी न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "तीन कमी आन एक जादा. मासोळ्या न्हाईत, सिंहासन न्हाय, नागेंद्राचं भवन न्हाय. आन हितं झेंडा हाय."

मी वहीत लिहून ताळा केला. सोळातून तीन वजा, तेरा. अधिक एक, चौदा. बरोबर होतं. त्या दिवसापासून मी वहिनींना मानतो.

नंतर घरात टीव्ही आला आणि एका मालिकेत राणी दिसली. वहिनी कामं आवरून मुद्दाम बसल्या. राणी डोक्यावर मुकुट, गळ्यात सात हार आणि ओठांना लाली लावून झोपली होती. ढगांतून एकेक स्वप्न तिच्या अंगावर येत होतं, आणि दर वेळी ती झोपेत हसत होती.

"मुकुट टोचत न्हाय व्हय गं तुला?" वहिनींनी टीव्हीला विचारलं.

अण्णा म्हणाले, "राणी हाय ती."

"राणी हाय म्हनून काय मान मोडून झोपायची? आन स्वप्न बगताना माणूस दात काढतंय का? माणूस बगत ऱ्हातंय."

ते वाक्य मला नंतर फार वेळा आठवलं. मी चित्रातल्या, पडद्यावरच्या कितीतरी राण्या पाहिल्या. कुणी घोड्यावर, कुणी गवाक्षात, कुणी आरशापुढं. सगळ्यांना आपल्याला कुणीतरी पाहतंय हे ठाऊक असतं. विडीच्या पेंटरच्या राणीला ते ठाऊक नव्हतं. ती आपल्या कामात होती, म्हणजे बघण्याच्या.

चार वर्षांमागं बसदी मोठी करायचं ठरलं. नवा हॉल, संगमरवर, वर शिखर. उजवी भिंत पाडावी लागणार होती. वहिनींनी मंडळाकडं अर्ज वगैरे केला नाही. त्यांनी मला गावी बोलावून मोबाईलवर भिंतीचे फोटो काढून घेतले, एकेका स्वप्नाचा वेगळा आणि राणीचा एक. भिंत पडली त्या दिवशी त्या शेतात गेल्या होत्या. पाठशाळा नव्या हॉलमध्ये सुरू झाली ती दुसऱ्या कुणाकडं, प्रोजेक्टरवर.

त्या हॉलमधल्या मूर्तीचंच आता पंचकल्याणक होतं.

मांडवाचं, आवाजाचं आणि पडद्याचं काम मंडळानं बेळगावच्या एका मंडपवाल्याला दिलं होतं. त्याच्याकडचा एलईडी पडदा व्यासपीठाच्या मागं लागणार होता, वीस फूट बाय बारा. स्वप्नांच्या संध्याकाळचे त्यानं सोळा हजार सांगितले होते. तरुण माणूस, कामसू; गावात सगळे त्याला पडदेवाला म्हणू लागले. धर्मानं जैन नव्हता, त्यामुळे त्यानं सेक्रेटरींना विचारलं की पडद्यावर काय पाहिजे. सेक्रेटरी म्हणाले, राणीची स्वप्नं. त्यानं मोबाईलवर शोधून सर्वांत झकपक व्हिडिओ काढला आणि सेक्रेटरींना दाखवला. सेक्रेटरींनी पहिलं मिनिट पाहिलं.

"हत्ती आला, बैल आला, सिंह आला," ते नंतर मला सांगत होते. "मी म्हटलं बरोबर हाय, पुढं काय बगायचं."

पूजेच्या पहिल्या दिवशी दुपारी वहिनींना पोशाख दाखवायला आणला. बेळगावच्या नाटकवाल्याकडचा. मुकुट, कंबरेपर्यंत केसांचा टोप, खड्यांचे हार. वहिनींनी टोप हातात धरून बघितला आणि परत पिशवीत ठेवला. त्यांनी स्वतःचं हिरवं रेशमी नऊवारी काढून ठेवलं होतं, लग्नातलं. आणि सासूबाईंची नथ.

"काकू," सेक्रेटरी वहिनींना म्हणाले, "पडद्यावरची राणी येगळी आन तुमी येगळ्या दिसशिला."

"दिसू दे की. स्वप्नं मला पडनार हाईत, तिला न्हाय."

अण्णांच्या डोक्याला मुकुट बसला नाही. त्यांनी फेटा बांधला.

पाच वाजता सगळ्यांची जेवणं उरकली. साडेसहाला मांडव भरला. मी व्यासपीठाच्या बाजूला, पडदेवाल्याच्या टेबलाजवळ उभा होतो. अण्णा पलीकडच्या बाजूला खुर्चीवर, फेट्यात, हात गुडघ्यावर ठेवून. वहिनींच्या पदराला छोटा माईक लावला होता, कारण पुढं त्यांना स्वप्नं सांगायची होती. आठ शाळकरी पोरी देवकन्या झाल्या होत्या, त्या पलंगाभोवती चवऱ्या घेऊन उभ्या. दिवे मंद झाले. वहिनी उजव्या कुशीवर वळल्या आणि गालाखाली हात घेतला. पडदा मागं असला तरी थोडा कोनात होता, म्हणजे झोपलेल्या जागेवरून त्यांना तो दिसत होता. डोळे त्यांनी पुरते मिटले नव्हते.

हत्ती आला. मोठा, पांढरा, सोंडेतून फुलं उधळणारा. मांडवातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. बैल आला, सिंह आला, लक्ष्मी आली. माळा, चंद्र, सूर्य. मग सोन्याच्या काठीवर फडफडणारा झेंडा आला.

मी पलंगाकडं पाहिलं. वहिनींचे डोळे पूर्ण उघडले होते.

पुढं एक कलश आला. तळं, समुद्र आणि लगेच विमान. विमानानंतर रत्नं. रत्नांनंतर अग्नी. शंख वाजला, दिवे उजळले. देवकन्यांनी ठरल्याप्रमाणं चवऱ्या ढाळल्या आणि म्हणाल्या, "उठा माते, पहाट झाली."

माता उठली नाही.

देवकन्या एकमेकींकडं बघू लागल्या. त्यांनी पुन्हा म्हटलं. एकीनं वाकून हळूच हाक मारली, "काकू, उठा की."

पदराचा माईक चालू होता. वहिनींचा आवाज सगळ्या मांडवात घुमला.

"कशी उठू? अजून तीन राहिल्यात."

आधी हशा झाला. मग तो थांबला, कारण वहिनी तशाच पडून होत्या, गालाखाली हात, आणि चेष्टा करत नव्हत्या.

अध्यक्ष टेबलाजवळ धावत आले. "काय झालं रं? परत लाव, परत लाव." पडदेवाल्यानं परत लावलं. परत हत्ती, परत टाळ्या, परत झेंडा, परत चौदा. शंख परत वाजला. माता परत उठली नाही. पंडितजींच्या आता ध्यानात आलं होतं. ते सेक्रेटरींना काहीतरी विचारत होते आणि सेक्रेटरी घाम पुसत होते.

मला फोटो आठवले. मी मोबाईल काढला आणि पडदेवाल्याला म्हणालो, "थांब, माझ्याकडं आहेत." पण चार वर्षांचे फोटो. फाउंड्रीची बिलं, मुलीची गुणपत्रिका, गळक्या टाकीचे सहा फोटो, परत बिलं. माझी बोटं सरकत होती आणि भिंत काही सापडत नव्हती. पलीकडं अण्णा खुर्चीतून अर्धे उठले होते. राजानं मध्येच राणीजवळ जायचं की नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"उठवा तिला कुनीतरी," पुरुषांतून आवाज आला. "उशीर हुतोय."

"कुनी उठवायचं न्हाय!"

हा आवाज माईकशिवायचा होता. दुकानातल्या काकू पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

"झोपू द्या तिला. सोळा बगितल्याबिगार राणी उठती व्हय कुठं? आमच्या बसदीत चौदावर उठीवनार तुमी तिला?" त्या मागं वळल्या. "काय गं पोरींनो, पडदा बंद पडला म्हनून तुमची तोंडं बंद पडल्यात का? काय आलं न्हाय ते सांगा तिला."

मग बायकांच्या मधल्या रांगांतून, कडेवर मूल घेतलेली एक बाई म्हणाली, "मासोळ्यांची जोडी."

आणि मग एकदम पन्नास-साठ आवाज, वर्गात म्हणतात त्या चालीत, शेवट लांबवून: "मासोळ्यांची जोडीऽऽ."

पडदेवाल्यानं दिवे मंद केले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पडदा काळा होता.

"सिंहासनऽऽ."

आता म्हाताऱ्याही म्हणत होत्या. व्यासपीठावरच्या आठ देवकन्या म्हणत होत्या, त्यांना त्यांच्या आयांनी शिकवलेलं.

शेवटचं राहिलं होतं. कुठूनतरी मागून एक बाई, चाळिशीची असेल, हसू दाबत म्हणाली, "तंबाखू!" सगळ्या बायका हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी गालाखालचा हातही हलवला नाही. त्या वाट बघत राहिल्या.

"नागेंद्राचं भवनऽऽ," सगळ्यांनी म्हटलं.

मी वहिनींच्या चेहऱ्याकडं बघत होतो. पडद्यावर काही नव्हतं, पण त्या बघत होत्या. मासोळ्यांना, दांड्यांच्या खुर्चीला, कौलारू वखारीला. मग त्यांनी डोळे मिटले. शंख वाजवणाऱ्यानं स्वतःच्या मनानं शंख वाजवला. वहिनी उठून बसल्या, पदर सारखा केला, आणि अण्णांकडं गेल्या.

सोळा स्वप्नं त्यांनी क्रमानं सांगितली. अण्णांना सोळा अर्थ सांगायचे होते, ते अकराव्याला अडकले. वहिनींनी हळू आवाजात सांगितलं, माईकनं तेही सगळ्यांना ऐकवलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

त्यानंतर ओटी. खरं सांगायचं तर मला भीती याची होती. पडद्याची नव्हती. सवालाच्या दिवसापासून वाटत होतं की बायका मागं राहतील, दहाबारा जणी रीत म्हणून येतील, आणि वहिनी त्या मोठ्या पाटावर बसून राहतील. पहिली ओटी माहेरची. वहिनींच्या भावजयीनं ती भरली: खण, नारळ, तांदूळ, केळी. तिच्यामागं रांग लागली. ती व्यासपीठाच्या पायऱ्यांवरून खाली मांडवात, आणि मांडवातून बाहेर रस्त्यापर्यंत गेली. तांदूळ सांडायला लागले तेव्हा देवकन्यांनी खाली चादर अंथरली. कुणी दहाची नोट ठेवत होतं, कुणी वीसची. पाठशाळेत शिकलेल्या बायका ओटी भरून वाकून पाया पडत होत्या आणि आपल्या पोरांना वाकायला लावत होत्या.

दुकानातल्या काकू रांगेत शेवटी आल्या. पहिल्या रांगेत बसलेली बाई शेवटी का आली, हे मी विचारलं नाही. त्यांनी इरकली खण आणला होता. वहिनींच्या ओटीत तांदूळ घालताना त्या म्हणाल्या, "लई येळ झोपलीस गं बाई. आमचं पाय आखडलं."

"मग तुमी कशाला राखन करत बसला?"

"न्हाय तर काय? माझ्या सुनंला तू शिकीवलंस, ती रोज माझ्या डोक्यावर बसून सोळा मोजती." काकूंनी नारळ ठेवला. पदरानं वहिनींच्या नाकावर सांडलेलं कुंकू पुसलं. "बस नीट. वाकू नको, ओटी सांडंल."

पंचकल्याणक पार पडल्यानंतरच्या रविवारी मंडळाची हिशेबाची बैठक होती. मी गेलो होतो, हिशेब बघायला माझी गरज असते म्हणून. वहिनी आणि अण्णा सवालाचे पैसे भरायला आले होते. पडदेवाला बिल घेऊन आला होता आणि दारात चप्पल काढून तिथंच उभा राहिला होता.

अध्यक्ष म्हणाले, "सोळा स्वप्नांचं सोळा हजार. म्हंजे स्वप्नाला हजार. तीन दाखिवली न्हाईत. तीन हजार कापा."

"मग झेंडा जादा दाखवला, त्याचे हजार द्यावे लागतील," मी म्हणालो.

सगळे हसले, पण अध्यक्षांनी कापायचं ठरवलंच. पडदेवाला म्हणाला, "चूक माझीच आहे साहेब, कापा." त्याचा चेहरा बघून मला वाटलं, त्याला पैशांपेक्षा त्या काळ्या पडद्याचं जास्त लागलं असावं.

वहिनी मधे बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "त्येचं का कापता? त्येनं सोळाच्या सोळा दाखिवली असती तर मी आपली गप उठले असते आन बायका आपल्या गप बसल्या असत्या."

"तरी पन काकू, काम अर्धवट झालं."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "मंडळाचं मंडळानं कापावं." त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. ओटीत आलेले पैसे राणीचे, ते तिनं मनाला येईल तिथं द्यायचे, अशी रीत आहे. बहुतेक बायका दानपेटीत टाकतात. वहिनींची ओटी मी त्याच रात्री मोजून दिली होती, तीन हजार तीनशे चाळीस रुपये, दहा-वीसच्या नोटा. त्यांनी त्यातले तीन हजार मोजले, मला परत मोजायला लावले, आणि दारातल्या माणसाच्या हातात ठेवले. तो घेईना. वहिनींनी हात मागं घेतला नाही. शेवटी त्यानं घेतले आणि विचारलं, "काकू, ते तिसरं काय होतं? तंबाखू?"

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "त्येला फोटो दाखवा."

मला या वेळी लगेच सापडला.

शेवटी दिलं ते असं. बसदीला एक लाख एक्कावन्न हजार: वहिनींच्या दुधाचे नव्वद, अण्णांच्या उसाचे साठ, माझा एक. पडदेवाल्याला मंडळाकडून तेरा हजार आणि राणीकडून तीन. उरलेले तीनशे चाळीस रुपये वहिनींनी जाता जाता दानपेटीत टाकले.